नाक सुन्न, घसा जागा: गिळण्याच्या तपासणीसाठी लिग्नोकेनची जेली, द्रावण आणि स्प्रे

गिळण्याची दुर्बीण-तपासणी करणाऱ्या छोट्या रुग्णालयाने लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध घ्यायचं तर २ टक्क्यांची जेली घ्यावी. सोबत ४ टक्क्यांच्या द्रावणाची एक बाटली आणि एक मिलीच्या साध्या सिरिंज असतील तर उत्तम. १० टक्क्यांचा स्प्रे मात्र या तपासणीच्या ट्रेमध्ये ठेवूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, सावंतवाडी अशा गावांतल्या मोठ्या मेडिकलमध्ये हे तिन्ही प्रकार सहसा मिळतात. तिन्ही खोक्यांवर औषधाचं नाव एकच, आणि वॉर्डात तिघांनाही ‘झायलोकेन’ या ब्रँडच्या नावानेच ओळखतात. ‘सिस्टर, झायलोकेन द्या’ म्हटल्यावर हातात काय येईल याचा भरवसा नसतो. गोंधळाची सुरुवात तिथून होते.

तपासणीचं नाव फीज (FEES), म्हणजे दुर्बिणीने गिळणं पाहण्याच्या तपासणीचं इंग्रजी लघुरूप. सुझन लँगमोर आणि सहकाऱ्यांनी ती १९८८ साली पहिल्यांदा मांडली. साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जाडीची लवचिक दुर्बीण नाकातून घालून पडजिभेच्या मागे, स्वरयंत्राच्या वर थांबवायची. मग रुग्णाला पाणी, पेज, मऊ भात असे घास देऊन ते कुठे जातात, कुठे साचतात, श्वासनलिकेत उतरतात का, हे पडद्यावर पाहायचं. बेरियम गिळायला देऊन एक्स-रेखाली करायची तपासणीही तितकीच मोलाची आहे, पण तिला फ्लुरोस्कोपीचं यंत्र लागतं. पक्षाघात होऊन आठच दिवस झालेल्या माणसाला आंबा घाटातून गाडीने कोल्हापूरला नेण्यापेक्षा दुर्बीण त्याच्या खाटेपाशी आणणं कितीतरी सोपं. म्हणूनच कोकणातल्या रुग्णालयांना फीज इतकी सोयीची आहे.

कान-नाक-घसा तज्ज्ञ एरवी मिनिटभर दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहतात आणि बाहेर काढतात. फीजमध्ये ती पंधरा-वीस मिनिटं नाकात राहते, आणि तेवढ्या वेळात रुग्णाने खायचं असतं. डोळ्यांतून पाणी येतंय, मान मागे ताणलेली आहे, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली आहे, अशा अवस्थेत घेतलेला घोट काही त्या माणसाचा रोजचा घोट नव्हे. त्याचा त्रास कमी केला तर तपासणीही खरी होते. एवढ्याचसाठी बधिर करणारं औषध वापरायचं.

पण जपायचं ते इथेच. लिग्नोकेन नसांमधले सोडियमचे मार्ग बंद करतं आणि संवेदना पुढे जाऊ देत नाही. नाकातली संवेदना पाचव्या मेंदूनसेकडे असते. घशातली आणि स्वरयंत्राची संवेदना नवव्या आणि दहाव्या नसेकडे, आणि फीजमध्ये तपासायची असते ती हीच. घशात पेज साचली आहे हे रुग्णाला कळतं का, थेंब श्वासनलिकेकडे गेला तर ठसका लागतो का, हेच तर पाहायचं असतं. औषध नाकातून ओघळून घशात उतरलं की तपासणीचं उत्तर आपणच बदलून ठेवतो. कुठलंही उत्पादन घ्या, त्याची पारख एकाच गोष्टीवर करायची: ते नाकात थांबतं की खाली वाहतं.

२ टक्के जेली

जेली पहिल्या नंबरवर आहे ती याच कारणाने. घट्ट असल्यामुळे ती लावू तिथे राहते, आणि वंगणाचं कामही तीच करते. ३० ग्रॅमची ट्यूब मिळते. २ टक्के म्हणजे एका मिलीत २० मिलिग्रॅम. नाकाच्या एका बाजूला ०.३ मिली पुरते, म्हणजे ओल्या वाटाण्याएवढी. औषध झालं ६ मिलिग्रॅम. ५० किलो वजनाच्या माणसाला ४.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो हा हिशेब धरला तर कमाल मर्यादा २२५ मिलिग्रॅम येते. विषबाधेच्या दृष्टीने आपण खूपच अलीकडे असतो. पण ०.३ मिलीवर थांबायचं ते विषबाधेच्या भीतीने नव्हे, घसा जागा राहावा म्हणून.

लावण्याची रीत अशी. आधी कुठली नाकपुडी मोकळी आहे ते बघा. स्टीलची थंड जीभदाबणी नाकाखाली धरली की दोन्ही बाजूंचं धुकं उमटतं. जिकडे डाग मोठा ती बाजू निवडा. औषध त्याच एका बाजूला लावायचं. दोन्हीकडे लावलं की ओघळ दुप्पट आणि फायदा शून्य. नाक चोंदलेलं असेल तर आधी झायलोमेटाझोलिन ०.१ टक्क्याचे दोन थेंब घालून पाच ते दहा मिनिटं थांबा. नाकातला सुजलेला टर्बिनेट (आतल्या भिंतीवरचा मांसल उंचवटा) आक्रसतो, आणि दुर्बिणीला खरी वाट या थेंबांनीच होते. रक्तदाब ताब्यात नसेल किंवा काचबिंदू असेल तर हे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

मग जॉबसन-हॉर्न प्रोबवर (कापूस गुंडाळायची धातूची बारीक काडी) किंवा लांब काडीवर कापूस घट्ट गुंडाळा, त्यावर जेली घ्या आणि नाकाच्या तळाला धरून सरळ मागे, कानाच्या दिशेने, तीन-चार सेंटिमीटर न्या. वरच्या दिशेला नाही. वर नेलं की दुखतं. कापूस सैल गुंडाळलेला असेल तर त्याचे धागे आत राहतात आणि नंतर दुर्बिणीच्या भिंगाला चिकटतात. तीन ते पाच मिनिटं थांबायचं. रुग्ण ताठ बसलेला, हनुवटी किंचित खाली. खाटेवर आडवं झोपवून जेली लावली तर ती घशातच जाणार, तिला दुसरी वाट नाही.

या पाच मिनिटांत रुग्ण नाक वर ओढतो, ही नेहमीची चूक. सवयच ती. ‘काकानू, घाबरा नको, पण नाक वर वढू नको’ एवढं आधीच सांगून ठेवावं, हातात रुमाल द्यावा, वाटलं तर हळूच शिंकरायला सांगावं. एक जोराचा ओढा आणि जेली पडजिभेमागे.

दुर्बिणीला जेली लावताना टोकापासून दोन-तीन सेंटिमीटर सोडून मागच्या भागाला लावा. टोकाला लावली की भिंगावर पातळ थर बसतो आणि चित्र दुधाळ दिसतं. कोकणात हा प्रश्न दुहेरी आहे. एसीच्या खोलीतली थंड दुर्बीण नाकाच्या दमट उबेत गेली की भिंगावर धुकं धरतं, पावसाळ्यात तर हमखास. धुकं आणि जेली यांतला फरक ओळखायला सोपा आहे. धुकं थोड्या वेळात किंवा एका घोटानंतर विरतं, जेलीचा थर तसाच राहतो आणि त्यातून दिव्याभोवती वलय दिसतं. धुक्यासाठी दुर्बिणीचं टोक आधी कोमट पाण्यात अर्धं मिनिट धरावं. जेलीसाठी मात्र दुर्बीण बाहेर काढून पुसण्याशिवाय इलाज नाही, आणि दुसऱ्यांदा घालताना रुग्णाचा सगळा धीर खर्ची पडतो.

आणखी एक फसगत फारशी कुणी बोलून दाखवत नाही. घशात उतरलेली जेली पडद्यावर पारदर्शक, बुडबुड्यांची, चकाकती दिसते. साचलेली लाळही तशीच दिसते. जिभेच्या मुळाशी किंवा स्वरयंत्राच्या बाजूच्या खळग्यांत असा थर दिसला आणि जेली भरपूर वापरली असेल, तर ‘लाळ साचते’ असा शेरा लिहिण्याआधी रुग्णाला दोनदा कोरडं गिळायला सांगा आणि पुन्हा बघा. लाळ साचणं ही गंभीर खूण मानली जाते. जेलीमुळे ती कुणाच्या अहवालात जाऊ नये.

ट्यूब घेताना लेबल वाचा. ५ टक्क्यांचं ऑइंटमेंट तसल्याच ट्यूबमध्ये मिळतं. ते चिकट असतं आणि भिंगावर बसलं की सुटत नाही. लिग्नोकेन-प्रिलोकेनचं क्रीम कातडीसाठी आहे, नाकासाठी नव्हे. ट्यूबचं तोंड थेट नाकपुडीला टेकवून एकाच ट्यूबवर दिवसभराचे रुग्ण काढणं तर मुळीच नको. निर्जंतुक गॉजवर थोडी जेली काढून घ्या, किंवा एका रुग्णाला एक ट्यूब वापरा. जेली महाग नाही. आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या स्टोअरमध्ये खोकी ठेवू नका. ती पातळ झाली की आपला सगळा फायदाच गेला.

४ टक्के द्रावण

हे चांगलं औषध आहे, पण हात बसलेल्यांसाठी. एका मिलीत ४० मिलिग्रॅम असतं, म्हणून ०.२ मिली पुरतं, म्हणजे ८ मिलिग्रॅम. लँगमोर यांचा सहभाग असलेल्या २०१५ च्या एका अभ्यासात हीच ०.२ मिलीची मात्रा नाकात दिली होती. रुग्णांचा त्रास कमी झाला आणि गिळण्यावर लक्षणीय परिणाम दिसला नाही. भिंगावर थर बसत नाही हा याचा जेलीवरचा मोठा फायदा. तोटा हा की पाण्यासारखं पातळ असल्यामुळे ते झटकन मागे वाहतं. एक मिलीच्या ट्युबरक्युलिन सिरिंजने, सुई काढून, नाकपुडीच्या आतल्या भिंतीला धरून थेंब-थेंब सोडा. सिरिंजला तुषार करणारं टोक लावलं तर औषध छान पसरतं. पण ०.१ मिलीच्या आसपास औषध त्या टोकातच अडकतं. ते धरून भरा, नाहीतर निम्मं औषध पोचतच नाही आणि मग ‘काही फरक पडला नाही’ म्हणून आणखी मारलं जातं.

ट्युबरक्युलिन सिरिंज संपल्या म्हणून इन्सुलिनची उचलणार असाल तर दोनदा विचार करा. लाल टोपणाच्या यू-४० सिरिंजवर ०.२ मिली म्हणजे ८ युनिट, नारिंगी टोपणाच्या यू-१०० वर २० युनिट. शिवाय बऱ्याच इन्सुलिन सिरिंजची सुई निघत नाही, आणि नाकाजवळ सुई नकोच. तोंडी सूचना देताना ‘पॉइंट टू’ आणि ‘टू’ यांत गफलत होऊ शकते. २ मिली गेलं तर ८० मिलिग्रॅम औषध सरळ घशात. आकडा कागदावर लिहून द्यावा.

१० टक्के स्प्रे

एका फवाऱ्यात १० मिलिग्रॅम. यात अल्कोहोल असतं, त्यामुळे नाकात मारला की आग होते. ‘नाकात झोंबता’ म्हणून रुग्ण डोकं मागे घेतो तो पुन्हा जवळ येऊ देत नाही. जठराच्या दुर्बिणीसाठी किंवा श्वासनलिकेत नळी घालताना घसा सुन्न करायला हा स्प्रे उत्तम, कारण तिथे ओकारीची उबळ थांबवायचीच असते. फीजमध्ये तो नेमकी नको ती गोष्ट करतो. चार फवारे मारले की ४० मिलिग्रॅम औषध पडजीभ, जिभेचं मूळ आणि घशाच्या भिंतीवर बसतं. मग काय दिसतं? पेज गिळण्याआधीच घशात सांडते. घास गेल्यावर मागे राहिलेलं रुग्णाला जाणवत नाही. थेंब श्वासनलिकेत उतरतो आणि ठसका येत नाही. अहवालात ‘सायलेंट ॲस्पिरेशन’ लिहिलं जातं आणि रुग्णाच्या नाकात रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी, अन्न देण्याची नळी) बसते. ज्या आजीला घट्ट पेज चमच्याने नीट चालली असती, तिचं तोंड महिनोन् महिने बंद होतं. एका स्प्रेपायी एवढं मोठं नुकसान आम्हाला पटत नाही, आणि म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला.

घसा सुन्न झाल्याचा संशय आला तर रुग्णालाच विचारा. घशात गोळा आल्यासारखं वाटतं का, लाळ गिळलेली कळते का? ‘गळो भरल्यासारखो वाटता’ असं उत्तर आलं तर घास देऊ नका. तासभर थांबा किंवा तपासणी दुसऱ्या दिवशी ठेवा. दुर्बिणीच्या टोकाने स्वरयंत्राच्या मागच्या कडेला हलकासा स्पर्श करून संवेदना पाहणार असाल, तर अशा घशात तिला काहीच अर्थ नाही.

हाच प्रश्न कर्करोगाच्या रुग्णांत वेगळ्या वाटेने येतो. तंबाखू-मिश्रीच्या सवयीमुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत. रेडिएशन चालू असताना तोंड सोलवटतं, म्हणून त्यांना जेवणाआधी लावायला किंवा गुळण्यांना लिग्नोकेनचं औषध दिलेलं असतं. ते सकाळी घेतलं होतं का हे विचारल्याशिवाय फीज सुरू करू नका. रुग्ण आपणहून सांगत नाही, कारण त्याला ते ‘तोंड आल्याचं जेल’ एवढंच माहीत असतं. त्याच दिवशी जठराची दुर्बीण झाली असेल तर तिथलं औषधही हिशेबात धरा.

काहीच न लावता

हाही पर्याय आहे, आणि तो कमी दर्जाचा नाही. १९९७ साली अमेरिकेत झालेल्या एका दुहेरी-अंध चाचणीत बधिर करणारं औषध, नाक मोकळं करणारं औषध आणि नुसतं प्लॅसिबो (औषध नसलेलं) यांत नाकातून दुर्बीण घालतानाच्या त्रासात फरक आढळला नव्हता. नंतरच्या काही अभ्यासांत फरक दिसला. म्हणजे प्रश्न सगळ्यांसाठी एकदाच सुटलेला नाही. पातळ दुर्बीण, मोकळी नाकपुडी, सावकाश हात आणि साधी पाण्याची वंगण-जेली एवढ्यावर बरेच जण निभावतात. पक्षाघातानंतर ज्यांची संवेदना आधीच मंदावली आहे, किंवा संवेदना तपासणं हाच मुख्य हेतू आहे, तिथे आम्ही साध्या जेलीच्या बाजूने आहोत. नाकाचा पडदा वाकडा असलेला, घाबरलेला, आधीच्या दुर्बिणीची धास्ती घेतलेला रुग्ण असेल तर २ टक्क्यांची जेली जरूर वापरावी. लिग्नोकेनची ॲलर्जी क्वचित असते, पण विचारायला हवं. लहान मुलांत मात्रा वजनावरच ठरते, ते बालरोगतज्ज्ञांबरोबर ठरवावं.

यकृताचा जुना आजार, हृदय कमकुवत, प्रोप्रॅनोलॉल (रक्तदाब-हृदयाचं औषध) चालू, अशा रुग्णांत लिग्नोकेन शरीरातून हळू बाहेर पडतं. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, असंबद्ध बोलणं, यातलं काहीही दिसलं की थांबा, ऑक्सिजन लावा, डॉक्टरांना बोलवा. ०.३ मिली जेलीने हे होणार नाही. मोजमाप न ठेवता वापरलेल्या स्प्रेने होऊ शकतं. दुर्बीण जाताना एकदम घाम येऊन डोळ्यांपुढे अंधारी येणं मात्र औषधाशिवायही होतं. रुग्णाला आडवं करा, पाय वर घ्या. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर नाकातून रक्त येऊ शकतं. कापूस आणि नाक दाबून धरायला एक माणूस तयार हवा.

खाण्याच्या वाट्या मांडतानाही लिग्नोकेनचा विचार करावा लागतो, कारण दुर्बीण आत गेल्यावर वेळ वाया घालवता येत नाही. दूध, ताक, पेज पांढरी असल्याने स्वच्छ दिसतात. पाण्यात खायच्या हिरव्या रंगाचे दोन थेंब घाला. सोलकढी आणि कोकम सरबत नको, त्यांचा रंग घशाच्या अस्तरात मिसळतो. कुळथाची पिठी घरच्या माणसांनी प्रेमाने करून आणली तरी तपासणीसाठी बाजूला ठेवा. तिचा तपकिरी रंग जुन्या रक्तासारखा दिसतो. उकड्या तांदळाच्या पेजेचा दाटपणा आधी सिरिंजने मोजा: १० मिलीच्या सिरिंजमध्ये भरून १० सेकंद सोडायची. १ मिलीपेक्षा कमी उरली तर ती पाण्याइतकी पातळ, ४ ते ८ मिली उरली तर सौम्य दाट. गाळलेली पेज आणि वरचं निवळ यांत केवढा फरक आहे ते यातून कळतं, आणि घरी सांगताना ‘थोडी दाट करा’ असं मोघम सांगावं लागत नाही.

नाकात जेली एवढीच वापरली असेल तर तपासणीनंतर खाणं अहवालातल्या सल्ल्याप्रमाणे लगेच सुरू करता येतं. घशात स्प्रे गेला असेल तर तासभर तोंडात काही नको, थर्मासमधला चहा तर नकोच. भाजलेलं कळणार नाही. तासानंतर आधी चमचाभर पाणी द्या, ते नीट गेलं तर पुढे.

अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ लिहायची सवय सगळ्यांनी लावून घ्यावी: कुठलं औषध, किती टक्के, किती मिली, कुठली नाकपुडी, लावल्याची वेळ आणि पहिल्या घासाची वेळ. तीन महिन्यांनी तोच रुग्ण पुन्हा आला की आधी हीच ओळ वाचली जाते.